पाय धुणारा आणि हात धुणारा

ख्रिस्ती धर्माच्या शिकवणीची गोष्ट निघाली कीं सेवा, सत्य आणि सार्वकालिक जीवन हे तीन शब्द हटकून पुढें येतात. तिन्ही शब्द मोठे आहेत; आणि मोठ्या शब्दांचें दैव असें असतें कीं, ते वारंवार उच्चारले गेले म्हणजे त्यांची धार बोथट होते. बोलणाराची जीभ सराइतपणें चालते, आणि ऐकणाराचें मन हळूच दुसऱ्या विषयाकडे वळतें. परंतु ज्या ग्रंथांतून हे शब्द आले, तेथें ते एका रात्रीच्या आणि तिच्या मागोमाग आलेल्या सकाळच्या हकीकतींत गोंविलेले आहेत. त्या रात्रीं पाण्याचें एक पात्र पुढें आलें, आणि त्या सकाळीं दुसरें. पहिल्या पात्रांतील पाण्यानें एका गुरूनें आपल्या शिष्यांचे पाय धुतले. दुसऱ्या पात्रांतील पाण्यानें एका सत्ताधाऱ्यानें आपले हात धुतले. या दोन पात्रांमधील अंतर नीट ध्यानांत आलें, तर त्या तीन शब्दांचा अर्थ पुष्कळसा उलगडतो.

काळ इसवी सन ३० च्या सुमाराचा, स्थळ यरुशलेम. ईजिप्तच्या दास्यांतून आपल्या पूर्वजांची सुटका झाली, तिच्या स्मरणार्थ यहुदी लोक वल्हांडणाचा सण पाळतात. तो सण तोंडावर आला होता, आणि शहर यात्रेकरूंनीं फुलून गेलें होतें. येशू आपल्या बारा शिष्यांसह संध्याकाळच्या भोजनास बसला. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीं या भोजनाचें वर्णन करतांना भाकरी आणि द्राक्षारस यांची हकीकत दिली आहे. चौथा शुभवर्तमानकार योहान यानें ती न देतां तिच्या जागीं पाय धुण्याचा प्रसंग सांगितला आहे. लूक मात्र जातां जातां एक गोष्ट सांगतो, ती फार महत्त्वाची आहे. ती ही कीं, या भोजनाच्या वेळींच आपणांपैकीं थोर कोण, असा वाद शिष्यांमध्यें लागला होता. गुरूच्या मरणाला एक रात्र उरली आहे, आणि शिष्य मानपानाचा हिशेब करीत बसले आहेत! लग्नाच्या पंगतींत पहिल्या पाटावरून होणारे रुसवेफुगवे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना हें चित्र अपरिचित वाटावयाचें नाहीं.

त्या देशांत पायांत वहाणा आणि रस्त्यांत धूळ. तेव्हां बाहेरून आलेल्या पाहुण्यास पाय धुण्याकरितां पाणी देण्याची रीत होती. आपल्या जुन्या घरांतूनही ती होतीच. पण पाणी देणें वेगळें आणि खालीं बसून दुसऱ्याचे पाय स्वतः धुणें वेगळें. तें काम दासाचें. यहुदी शास्त्रकारांनीं तर येथवर बारकाई केली होती कीं, यहुदी वंशाच्या दासाकडून धन्यानें हें काम करवून घेऊं नये. आणि शिष्यानें गुरूची दासाप्रमाणें सर्व सेवा करावी, परंतु वहाणेचा बंद सोडण्याचें काम तेवढें वगळावें. आपल्याकडे शिष्यानें गुरूचे पाय धुण्यांत नवल नाहीं. सुदाम्याचे पाय धुणारा श्रीकृष्णही घरोघर ठाऊक आहे. पण सुदामा हा घरीं आलेला अतिथि आणि बाळपणचा मित्र. येथें स्वतः गुरु शिष्यांच्या पायांशीं बसतो, आणि शिष्य तर मोठेपणासाठीं भांडत असलेले.

योहान या कृतीचा एक एक तपशील सावकाश सांगतो. येशू भोजनावरून उठला. त्यानें अंगावरचें वरचें वस्त्र काढून ठेविलें, कमरेस पंचा गुंडाळला, गंगाळांत पाणी ओतलें, आणि तो एकेकाचे पाय धुऊन त्या पंचानें पुसूं लागला. शिष्य स्तब्ध झाले असावे. पेत्राची पाळी आली तेव्हां मात्र त्याला राहवलें नाहीं. आपले पाय गुरूनें धुवावे हें आपण कदापि होऊं देणार नाहीं, असें तो निक्षून म्हणाला. वरवर पाहतां ही नम्रताच. पण येशूनें ती मानली नाहीं. मीं धुतलें नाहीं तर माझ्याशीं तुझें नातें राहणार नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें. यांतील मर्म खोल आहे. दुसऱ्याची सेवा करण्यास जशी नम्रता लागते, तशी दुसऱ्याची सेवा स्वीकारण्यासही लागते. जन्मभर इतरांसाठीं खपलेलीं माणसें आजारीं पडल्यावर कोणाचा हात लागूं देत नाहींत, चिडतात, कष्टी होतात. देणाऱ्याच्या उंच जागेवरून खालीं उतरणें त्यांना जड जातें. पेत्राचें दुखणें तेंच होतें.

आणखी एक गोष्ट योहानानें मुद्दाम नमूद केली आहे. आपल्याला शत्रूंच्या स्वाधीन करण्याचा विचार यहूदा इस्कर्योत याच्या मनांत शिरला आहे, हें येशूला ठाऊक होतें. यहूदा त्या वेळीं तेथेंच होता; तो बाहेर गेला तो नंतर. म्हणजे बारा जोड्या पाय धुतले गेले, आणि त्यांत विश्वासघात करणाऱ्याचेही होते. कृतज्ञतेची अपेक्षा ठेवून केलेली सेवा जगांत पुष्कळ आहे, आणि ती वाईट असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु या माणसाकडून आपला घात होणार हें जाणूनही त्याच्यापुढें गुडघे टेकणें, ही सेवेची अगदीं शेवटची सीमा आहे.

ही नम्रता कोठून आली? स्वतःस क्षुद्र समजण्यांतून ती आली नव्हती. आपण देवापासून आलों आणि देवाकडे जात आहों, हें जाणून येशू भोजनावरून उठला, असें योहान सांगतो. पाय धुऊन झाल्यावरही त्यानें आपलें गुरुपण नाकारलें नाहीं. तुम्ही मला गुरु आणि प्रभु म्हणतां तें योग्यच आहे, आणि म्हणूनच मीं जें केलें तें तुम्ही एकमेकांसाठीं करावें, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. ज्याला स्वतःच्या योग्यतेबद्दल धाकधूक असते, त्याला मानाची खुर्ची सोडवत नाहीं. ज्याचें अंतःकरण भरलेलें असतें, त्याला जमिनीवर बसण्यानें कांहीं उणें होत नाहीं. आत्मावमान आणि नम्रता यांची लोक गल्लत करतात, ती या प्रसंगानें दूर व्हावी.

पुढें या कृतीचा विधि झाला. सहाव्या शतकांतील संत बेनेडिक्ट यानें आपल्या मठाच्या नियमांत असें घातलें कीं, मठांत आलेल्या पाहुण्यांचे पाय मठाधिपतीनें व इतर बंधूंनीं धुवावे. ईस्टरपूर्वीच्या गुरुवारीं गरिबांचे पाय धुण्याची चाल यूरोपांतील राजेरजवाड्यांतही पडली. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हा विधि करीत असे; पण तिच्यापुढें ते पाय येण्यापूर्वीं दरबारच्या सेवकांनीं ते अगोदरच स्वच्छ धुतलेले असत! सतराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या जेम्स राजानंतर इंग्लंडच्या राजांनीं पाय धुण्याचें सोडून दिलें, आणि त्या दिवशीं विशेष नाण्यांचें दान देण्याची प्रथा तेवढी राहिली. विधीचें असेंच होतें. पाणी सुगंधी होतें, पाय अगोदर धुतलेले असतात, आणि मूळची धूळ नाहींशी होते. म्हणूनच २०१३ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं रोममधील अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगांत जाऊन बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले, आणि त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते, तेव्हां जगाला त्याचें नवल वाटलें. विधीला पुन्हां त्याची धूळ मिळाली.

आतां दुसऱ्या पात्राकडे वळावें. त्याच रात्रीं येशूला पकडण्यांत आलें, आणि सकाळीं त्याला रोमन सुभेदार पंतय पिलात याच्यापुढें उभें केलें. इ. स. २६ पासून ३६ पर्यंत यहूदिया प्रांतावर पिलाताचा अंमल होता. १९६१ सालीं समुद्रकांठच्या कैसरिया या जुन्या शहराच्या उत्खननांत त्याच्या नांवाचा कोरीव लेख असलेला एक दगड सांपडला. आणखी एक विलक्षण योग असा कीं, नव्या कराराच्या हस्तलिखितांचे जे अतिप्राचीन तुकडे आज उपलब्ध आहेत, त्यांतील सर्वांत प्रसिद्ध तुकडा याच चौकशीच्या प्रसंगाचा आहे. ईजिप्तमध्यें मिळालेला आणि १९३५ सालीं प्रसिद्ध झालेला हा पपायरसाचा कपटा मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयांत आहे. त्याची लांबी सुमारें ९ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारें ६ सेंटिमीटर. म्हणजे तो तळहातावर सहज मावेल. विद्वान् त्याचा काळ सामान्यतः इसवी सनाचें दुसरें शतक मानतात. त्याच्या दोन्ही बाजूंस पिलात व येशू यांच्या संवादाच्या तुटक ओळी आहेत.

त्या संवादांत येशू म्हणाला कीं, आपला जन्म सत्याची साक्ष देण्यासाठीं आहे. त्यावर पिलातानें सत्य म्हणजे काय, असा प्रश्न केला, आणि उत्तराची वाट न पाहतां तो बाहेर निघून गेला. प्रश्न तत्त्वज्ञाला शोभेल असा. पण विचारणाराला उत्तर नको होतें. कारण त्या सकाळीं त्याच्यापुढें असलेलें सत्य मुळींच अवघड नव्हतें. हा मनुष्य निरपराधी आहे, एवढेंच तें सत्य. तें पिलाताला कळलें होतें, आणि त्यानें तें लोकांपुढें तीन वेळां बोलूनही दाखविलें. मग लोकांनीं ओरडून सांगितलें कीं, याला सोडलें तर तूं कैसराचा मित्र नव्हेस. येथें पिलाताचे पाय लटपटले. रोमच्या बादशहाची मर्जी, नोकरी, सुभेदारी हें सर्व त्याच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें असलें पाहिजे. मत्तय सांगतो कीं, त्यानें पाणी मागविलें, लोकांसमक्ष हात धुतले, या रक्ताचा दोष आपणांकडे नाहीं असें जाहीर केलें, आणि निरपराध्याला क्रुसावर देण्यासाठीं सोंपवून दिलें.

सत्याविषयींच्या ख्रिस्ती शिकवणीचें बीज येथें आहे. योहानाच्या ग्रंथांत एक चमत्कारिक वाक्प्रयोग येतो: सत्य ‘करणें’. सत्य बोलणें, सत्य जाणणें हें आपण म्हणतों. सत्य करणें हा प्रयोग कानाला खटकतो. परंतु त्याच्या मागें हिब्रू भाषेचा संस्कार आहे. त्या भाषेंत सत्याला जो शब्द आहे त्याच्या धातूचा अर्थ दृढ असणें, भरंवशाचा असणें असा होतो. प्रार्थनेच्या शेवटीं उच्चारला जाणारा ‘आमेन’ हा शब्द त्याच धातूचा. ज्याच्यावर भार टाकला असतां जें मोडत नाहीं, तें सत्य. या कसोटीला पिलात उतरला नाहीं. त्याला सत्य ठाऊक होतें, त्यानें तें उच्चारलेंही, पण त्याच्यानें तें करवलें नाहीं. येशूनें तर आपणच मार्ग, सत्य आणि जीवन आहों असें शिष्यांस त्या रात्रीं सांगितलें होतें. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणें सत्य हें एका व्यक्तीच्या आचरणांत मूर्तिमंत झालेलें आहे. तेव्हां ज्यानें पाय धुतले त्याच्याकडे पाहूनच सत्य काय तें समजावयाचें.

हात धुण्याचा मोह फक्त सुभेदारांनाच होतो असें नाहीं. कचेरींत एका कारकुनावर आळ येतो; तो निर्दोष आहे हें चौघांना ठाऊक असतें; आणि चौघेही वरिष्ठांच्या मर्जीकडे पाहून गप्प बसतात. घरांत सुनेवर अन्याय होतो, आणि घरचीं शहाणीं माणसें आपण त्यांत पडत नाहीं असें म्हणून वर्तमानपत्र उघडतात. पिलाताचें पात्र आपल्या घरांतही कोठें तरी ठेवलेलें असतें.

सत्य करून दाखविणें म्हणजे काय, याचें अर्वाचीन काळांतील एक उदाहरण पाहण्यासारखें आहे. पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांत एकोणिसाव्या शतकांत कुष्ठरोगाची सांथ पसरली. १८६५ सालीं तेथील सरकारनें कायदा केला, आणि १८६६ पासून रोग्यांना मोलोकाई बेटाच्या उत्तरेकडील एका भूशिरावर नेऊन सोडण्यांत येऊं लागलें. तिन्ही बाजूंस खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूस सुमारें २००० फूट उंचीचा ताशीव कडा. परत येण्याची वाट नाहीं. बापाला मुलांपासून, बायकोला नवऱ्यापासून तोडून तेथें पाठवीत. १० मे १८७३ रोजीं बेल्जममध्यें जन्मलेले ३३ वर्षांचे धर्मगुरु फादर डेमियन तेथें उतरले. कांहीं धर्मगुरूंनीं पाळीपाळीनें जावें अशी योजना होती. डेमियन पहिल्या पाळीस गेले आणि तेथेंच राहिले.

त्यांनीं काय केलें? रोग्यांच्या जखमा धुतल्या, त्यांवर पट्ट्या बांधल्या. घरें बांधलीं, पिण्याचें पाणी नळांनीं आणलें, मुलांना शिकविलें. मेलेल्यांसाठीं स्वतःच्या हातांनीं शवपेट्या केल्या आणि खड्डे खणले. रोग्यांच्याच भांड्यांतून ते जेवीत. प्रवचनांत रोग्यांना दुरून बंधु म्हणून हांक न मारतां, आपण सारे कुष्ठी, अशा अर्थानें ते बोलत. हें त्यांनीं पहिल्याच वर्षीं आपल्या भावाला पत्रानें कळविलें होतें. पुढें तें शब्दशः खरें झालें. १८८४ सालच्या अखेरीस एके दिवशीं त्यांनीं कढत पाण्यांत पाय घातले. कातडी भाजली, पण वेदना झाल्या नाहींत. आपल्याला काय झालें आहे, हें त्यांना उमगलें. त्यानंतरही सुमारें चार वर्षें ते काम करीत राहिले. १५ एप्रिल १८८९ रोजीं, ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहांतील सोमवारीं, वयाच्या ४९ व्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या मृत्यूनंतर होनोलुलूच्या एका धर्मोपदेशकानें, ते गलिच्छ, हट्टी आणि अनीतिमान् होते असें पत्र लिहिलें, आणि तें छापलें गेलें. सुप्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे डेमियन यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनीं त्या वसाहतींत सुमारें आठवडाभर राहून आले होते. ते डेमियन यांच्या पंथाचे नव्हते. तरी १८९० सालीं त्यांनीं जाहीर पत्र लिहून त्या निंदेचा समाचार घेतला. विशेष हें कीं, डेमियन यांचे दोष त्यांनीं झांकले नाहींत. ते अडाणी वळणाचे होते, हेकट होते, वरिष्ठांशीं व अधिकाऱ्यांशीं त्यांचें पटत नसे, हें त्यांनीं मान्य केलें. आणि असा मनुष्य तेथें गेला, राहिला आणि मेला, हें सत्य त्यांनीं पुढें ठेविलें. संताला निर्दोष ठरविण्याची सत्याला गरज पडत नाहीं. २००९ सालीं रोमन कॅथॉलिक संघानें डेमियन यांना संतपद दिलें. डेमियन मोलोकाईस गेले त्याच १८७३ सालीं नॉर्वेमध्यें डॉ. हान्सेन यांनीं या रोगाचे जंतु शोधून काढले होते. आज औषधांनीं हा रोग पूर्ण बरा होतो. आणि हवाईंतील सक्तीच्या अलगीकरणाचा कायदा १९६९ सालीं संपला.

महाराष्ट्रालाही अशा सेवेची ओळख आहे. पंडिता रमाबाई यांनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील निराश्रित मुली केडगांवीं आणून त्यांना आसरा दिला. आणि हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सामान्य स्त्रियांस समजेल अशा सोप्या मराठींत बायबलचें भाषांतर केलें. १९२२ सालीं त्या निवर्तल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. ‘पंडिता’ ही पदवी मिळविलेली स्त्री निरक्षर मुलींच्या भाषेपर्यंत खालीं उतरली, हेंही एक प्रकारें पाय धुणेंच होतें.

आतां तिसरा शब्द, सार्वकालिक जीवन. मेल्यानंतर कधीं न संपणारें आयुष्य, असा याचा अर्थ बहुतेक जण करतात. ख्रिस्ती धर्म मरणोत्तर जीवनाची व पुनरुत्थानाची आशा स्पष्टपणें बाळगतो, यांत शंका नाहीं. परंतु योहानाच्या ग्रंथांत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. मूळ ग्रीक शब्दांचा रोख येणाऱ्या युगाचें जीवन असा आहे, आणि त्यांत लांबीपेक्षां गुणावर भर आहे. त्याच रात्रींच्या प्रार्थनेंत येशूनें त्याची व्याख्या केली: एकाच खऱ्या देवाला आणि त्यानें पाठविलेल्याला ओळखणें, हेंच सार्वकालिक जीवन. लाजर मरण पावला तेव्हां त्याची बहीण मार्था म्हणाली होती कीं, शेवटल्या दिवशीं आपला भाऊ उठेल हें आपणांस माहीत आहे. त्यावर येशूनें तिला त्या दूरच्या दिवसापासून आपल्याकडे वळविलें, आणि पुनरुत्थान व जीवन आपणच आहों असें सांगितलें. म्हणजे जें पुढें यावयाचें तें आजच सुरू होऊं शकतें.

तें सुरू झालें हें ओळखावें कसें? योहानाच्या नांवानें असलेल्या पहिल्या पत्रांत याची खूण दिली आहे: जो आपल्या बंधूंवर प्रीति करतो, तो मरणांतून जीवनांत येऊन पोंचला आहे. येथें तिन्ही शब्दांची गांठ पडते. सेवा ही सत्याची कृति, आणि सत्यांत वागणें हीच त्या जीवनाची सुरुवात. गव्हाचा दाणा जमिनींत पडून मेला नाहीं तर एकटाच राहतो, आणि मेला तर पुष्कळ पीक देतो, हा दृष्टांत येशूनें याच दिवसांत दिला होता. पिलातानें आपली सुभेदारी जपली. ती पुढें कांहीं वर्षांतच गेली. डेमियन यांनीं आपला देह जपला नाहीं. यांपैकीं कोण अधिक जगला, याचा निर्णय करण्यास धर्मशास्त्राचें फारसें ज्ञान लागत नाहीं.

येशू हा देवाचा पुत्र आणि त्याच्या द्वारेंच हें जीवन मिळतें, ही ख्रिस्ती माणसाची श्रद्धा आहे. इतरांनीं ती मानावी कीं नाहीं, हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न. परंतु कोणत्याही धर्माच्या घरांत अंथरुणाला खिळलेलें एखादें म्हातारें माणूस असतें, मोरीपाशीं धुणीभांडीं करणारी मोलकरीण असते, आणि ज्याच्या बाजूनें एक शब्द बोलावयास हवा असा एखादा दुबळा असतो. पाण्याचें पात्र तेथें रोज भरलेलें असतें. त्या पाण्यानें दुसऱ्याचे पाय धुवावयाचे कीं आपले हात, हें रोज ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें.